आंदणात आलेली मुंबई, कोइंब्राची इनेस आणि समुद्र : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात गाजलेल्या शोकांत प्रेमकथांवर एक लेख होता आणि त्याच पानावर मुंबईच्या आंदणाची छोटीशी चौकट होती. त्या दोन्हीवर मिळून इतकी पत्रं आलीत की या महिन्याचं सदर त्यांनाच देऊन टाकतेय. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, ज्यांच्याबद्दल सांगण्यासारखं बरंच आहे ती आधी घेतलीत.

प्रश्न : ताई नमस्कार. मुंबई इंग्रजांना आंदणात मिळाली हे शाळेपासून ऐकतोय. पण नक्की काय दिलं होतं, अख्खी मुंबई? आणि जिच्या लग्नात दिली तिचं पुढे काय झालं ते कुणीच सांगत नाही. – एक वाचक, दादर

उत्तर : दादा, शेवटचा प्रश्न विचारलात ते फार बरं केलंत, कारण मुंबईचा इतिहास सांगताना कॅथरीनचं नाव एका वाक्यात येतं आणि तिथेच संपतं.

तर झालं असं की १६४० साली पोर्तुगाल स्पेनच्या जोखडातून सुटला खरा, पण लढाई काही थांबेना, आणि एकट्याने टिकून राहणं कठीण होतं म्हणून इंग्लंडशी सोयरीक जुळवायचं ठरलं. १६६१ च्या जूनमध्ये करार झाला. राजकन्या कॅथरीन ऑफ ब्रागांझा, नवरदेव इंग्लंडचा दुसरा चार्ल्स. आंदणात वीस लाख क्रुझादो (पोर्तुगीज नाणी) रोख, आफ्रिकेतलं टँजियर आणि मुंबईचं बेट. बदल्यात इंग्लंडने पोर्तुगालच्या मदतीला सैन्य द्यायचं. लग्न लागलं मे १६६२ मध्ये, पोर्ट्समथला.

आता मुंबई म्हणजे केवढी, यावरच सगळं अडलं. इंग्रजांची समजूत होती की साष्टी, ठाणं सगळं पदरात पडणार, पोर्तुगीज म्हणाले फक्त मुंबईचं बेट, माहीमसुद्धा त्यात नाही. सर अब्राहम शिपमन सुमारे ४०० सैनिक घेऊन १६६२ मध्ये आला तर गोव्याच्या व्हाइसरॉयने, अंतोनियो द मेलो ए कास्त्रोने, कागदपत्रांतल्या त्रुटी काढून ताबा द्यायला चक्क नकार दिला. मग ही माणसं कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन राहिली आणि तापाने, उपासमारीने एकेक करून गेली, शिपमन स्वतः १६६४ मध्ये तिथेच गेला. शेवटी त्याचा सेक्रेटरी हम्फ्री कुक याने उरलेल्या मूठभर लोकांसह १८ फेब्रुवारी १६६५ ला मुंबईचा ताबा घेतला. ताबा घेतानाची रीत बघा, त्याने इथली माती आणि दगड हातात घेतले, भिंतीला हात लावला आणि तटावरून चालत गेला, आणि हे सगळं कागदावर नोंदवलं गेलं. त्या व्हाइसरॉयने आपल्या राजाला लिहून कळवलं होतं की ज्या दिवशी इंग्रज मुंबईत पाय रोवतील त्या दिवशी हिंदुस्थान आपल्या हातून गेला समजा. म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर होतं असंच म्हणावं लागतं. आणि लंडनला मात्र या बेटाची काहीच मातब्बरी नव्हती, १६६८ मध्ये चार्ल्सने ते कंपनीला वर्षाला १० पौंडांवर देऊन टाकलं.

आणि कॅथरीन? लग्नाला काही आठवडे होत नाहीत तोच नवऱ्याने आपली प्रेयसी बार्बरा व्हिलियर्स हिलाच राणीच्या महालातली मानकरी म्हणून नेमलं. तिला समोर आणून उभं केलं तेव्हा कॅथरीनच्या नाकातून रक्त वाहायला लागलं आणि ती बेशुद्ध पडली. परका देश, परका धर्म, भाषा येत नाही, सोबत आलेल्या बहुतेक बायकांना परत पाठवून दिलेलं. मूल झालं नाही. इतरांनी सांगूनही चार्ल्सने घटस्फोट मात्र दिला नाही, तेवढं एक त्याच्या बाजूने बोलता येईल. तो गेल्यावर काही वर्षांनी ती माहेरी परतली आणि आयुष्याच्या अगदी शेवटी भावाच्या वतीने पोर्तुगालचा कारभारही तिने बघितला, तोही चांगला. १७०५ च्या ३१ डिसेंबरला गेली. मुंबई तिने कधी पाहिली नाही.

प्रश्न : ताई, माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. सध्या वदरिंग हाइट्स वाचतेय आणि म्हणते हेच खरं प्रेम, बाकी सगळं तडजोड. मला काळजी वाटते. वाचू द्यावं का? – एक आई, मुलुंड

उत्तर : वाचू द्या ना. अर्धवट सोडू देऊ नका एवढंच. होतं काय की हे पुस्तक बहुतेकांच्या मनात कॅथी आणि हीथक्लिफपुरतं राहतं, सिनेमेही बरेचसे तिथेच थांबतात, आणि एमिली ब्राँटेने १८४७ मध्ये जे लिहिलं त्याचा अर्धा भाग कॅथी गेल्यानंतरचा आहे. तो भाग तिच्यासोबत बसून वाचा. हीथक्लिफ कॅथीच्या नणंदेला, इझाबेला लिंटनला पळवून नेतो त्या रात्री तो तिच्या कुत्रीला फास लावून टांगतो, आणि तरी ती त्याच्याबरोबर जाते. मग सासरी गेल्यावर ती पत्रात विचारते की हा माणूस माणूस आहे का, आणि असेल तर वेडा आहे का, आणि नसेल तर सैतान आहे का. हे पत्र तुमच्या मुलीला मोठ्याने वाचायला सांगा. त्यात सगळं आहे. प्रेमभंगाचा सूड तो ज्यांच्यावर उगवतो त्यांनी त्याचं काहीही वाकडं केलेलं नाही, हेअरटनसारख्या पोराला तो मुद्दाम अडाणी ठेवतो, का तर त्याच्या बापाने कधीतरी आपला छळ केला होता म्हणून.

आपल्याकडेही बघायचं असेल तर कालिदासाचा रघुवंश काढा. आठव्या सर्गात अज राजा आहे, इंदुमती गेल्यावर खचतो, पण मुलगा लहान म्हणून आठ वर्षं राज्य सांभाळतो आणि मग जातो. आणि एकोणिसाव्यात अग्निवर्ण. हा अंतःपुरातून बाहेरच पडत नाही, प्रजेने दर्शनाचा फारच आग्रह धरला, मंत्र्यांनी विनवलं, तर खिडकीतून एक पाय बाहेर सोडतो. लोक त्या पायाला नमस्कार करून परत जातात. पुढे क्षयाने मरतो, मंत्री गुपचूप राजवाड्याच्या बागेतच त्याला अग्नी देतात आणि गरोदर राणीला गादीवर बसवतात. रघूचा एवढा मोठा वंश आणि काव्य संपतं ते इथे. दोघांचंही मन बाईतच गुंतलेलं, पण एकाला समोर लेकरू दिसतं आणि दुसऱ्याला दारात उभी असलेली माणसंही दिसत नाहीत. सतरा वर्षांच्या मुलीला हा फरक कळतो, तुम्ही सांगूही नका.

प्रश्न : मादाम बोव्हारी प्रेमाने मेली असं लेखात होतं. पटलं नाही. – एक वाचक, माटुंगा

उत्तर : मलाही पटलं नव्हतं. ती उधारीने मेली. लेरो नावाचा कापडवाला तिला पडदे, झगे, प्रवासी पेट्या उधारीवर देत राहतो आणि वचनचिठ्ठ्यांवर सह्या घेत राहतो, जुनी चिठ्ठी फिरवून नवी, त्यावर व्याज, आणि शेवटी ८००० फ्रँकची जप्ती दारात येते. दोन्ही प्रियकरांकडे पैसे मागून झाल्यावर ती आर्सेनिक खाते. ही कादंबरी लिहिणाऱ्या फ्लोबेरवर १८५७ मध्ये खटला झाला तो अनैतिकतेचा, सुटलाही, पण त्या सावकारीबद्दल सरकारी वकिलाला काहीच खटकलं नव्हतं.

प्रश्न : ताई, दोन विषय एकत्र येतात अशी एखादी गोष्ट आहे का? म्हणजे माणसाला संपवणारं प्रेम पण आणि जगाचा नकाशा बदलणारं राजघराण्यातलं लग्न पण. मी इतिहास घेऊन एमए करतेय, एकत्र कुठे सापडत नाही. – एक विद्यार्थिनी, विलेपार्ले

उत्तर : आहे गं, आणि तुझ्या प्रश्नाची मी वाटच बघत होते असं समज.

पोर्तुगालचा युवराज पेद्रो. त्याचं लग्न कॉन्स्तान्सा नावाच्या कास्तीलच्या (आजच्या स्पेनमधलं तेव्हाचं राज्य) मुलीशी झालं, राजकारणाचंच लग्न, आणि तिच्यासोबत पाठराखीण म्हणून आली इनेस द कास्त्रो. पेद्रो तिच्या प्रेमात पडला. कॉन्स्तान्सा वारल्यावर बापाने, म्हणजे चौथ्या अफोन्सोने, दुसरं लग्न कर म्हणून हट्ट धरला तर हा ऐकेना, इनेसबरोबर राहिला, मुलं झाली. दरबाराला भीती इनेसच्या भावांची, कास्तीलमधलं बडं घराणं, उद्या ते पोर्तुगाल गिळतील. ७ जानेवारी १३५५ ला पेद्रो बाहेर असताना राजाच्या हुकमाने तिला कोइंब्रात ठार मारलं.

पेद्रोने बापाविरुद्ध बंड केलं. १३५७ मध्ये राजा झाल्यावर कास्तीलला पळालेल्या मारेकऱ्यांपैकी दोघांना त्याने तिथल्या राजाशी कैद्यांची अदलाबदल करून परत मिळवलं आणि त्यांची काळजं उपटून काढवली, एकाचं छातीतून, एकाचं पाठीतून, असं बखरकार लिहितो. मग जाहीर केलं की आपण इनेसशी गुपचूप लग्न केलं होतं. आल्कोबासाच्या मठात दोघांच्या संगमरवरी नसल्या तरी फार देखण्या दगडी कबरी आहेत, पाय पायांना समोरासमोर, म्हणजे कयामतीच्या दिवशी उठले की पहिली नजर एकमेकांवर पडेल, असं तिथले लोक सांगतात. प्रेताला सिंहासनावर बसवून सरदारांना हाताचं चुंबन घ्यायला लावलं ही जी गोष्ट तू नेटवर वाचशील ती मात्र नंतरच्या कवी-नाटककारांची भर आहे, तिच्या नादी लागू नकोस, खरी गोष्ट पुरेशी भयंकर आहे.

आता पुढचं नीट बघ. इनेस गेल्यानंतर पेद्रोला तेरेझा लोरेन्सो नावाच्या दुसऱ्या बाईपासून एक मुलगा झाला, जुआंव. अनौरस, कुणाच्या खिजगणतीत नाही. कॉन्स्तान्साच्या मुलाला, राजा फर्नांदोला, मुलगा नव्हता, एकच मुलगी, तीही कास्तीलच्या राजाला दिलेली. १३८३ मध्ये तो मेल्यावर गादी कास्तीलकडे जाणार अशी वेळ आली. १३८५ मध्ये कोइंब्रात, हो, त्याच कोइंब्रात, सभा भरली. इनेसच्या मुलांचाही दावा होता, पण वकिलाने उभं राहून सांगितलं की पेद्रो आणि इनेसचं लग्न झाल्याचं सिद्धच होत नाही. म्हणजे ज्या प्रेमापायी पेद्रोने एवढं रक्त सांडलं, त्याची मुलं गादीला मुकली आणि राज्य मिळालं या तिसऱ्याच मुलाला. त्याच वर्षी आल्जुबारोताच्या लढाईत त्याने कास्तीलला हरवलं, मग इंग्लंडशी तह केला आणि १३८७ मध्ये इंग्लंडच्या राजघराण्यातली फिलिपा ऑफ लँकास्टर बायको म्हणून आणली. त्यांचा एक मुलगा म्हणजे हेन्री, ज्याला आपण पुस्तकात नाविक हेन्री म्हणून वाचतो.

या फिलिपाबद्दल मला फार वाटतं. १४१५ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या सेउतावर स्वारी निघायची होती, मुलांना सरदारकी तिथेच मिळवायची होती, तिने त्यांच्यासाठी तलवारी करवून घेतल्या होत्या आणि नेमकी तेव्हाच ती प्लेगने अंथरुणाला खिळली. मरणाच्या दारात तिने त्या तलवारी मुलांच्या हातात दिल्या असं सांगतात. जुलैत गेली, ऑगस्टमध्ये सेउता पडलं. तिथून पुढे हेन्रीची जहाजं आफ्रिकेच्या किनाऱ्याने खाली खाली सरकत गेली, १४३४ मध्ये बोजादोरचं भूशिर ओलांडलं. आणि १४४४ मध्ये पोर्तुगालमधल्या लागोसच्या किनाऱ्यावर २३५ आफ्रिकी माणसं उतरवून वाटून घेतली, आई एकीकडे मूल दुसरीकडे, आणि हेन्री घोड्यावर बसून आपला पाचवा हिस्सा घेत होता. हे त्याच्याच स्तुतिपाठक बखरकाराने लिहिलंय, रडत रडत लिहिलंय. दर्यावर्दीपणाचं कौतुक करताना हे पान कुणी गाळू नये असं माझं ठाम मत आहे, तुझ्या प्रबंधात तर नाहीच नाही.

आणि दोन्ही विषय एका पुस्तकात हवेत म्हणालीस ना, तर कामोंइशचं लुझियाड, १५७२ मध्ये छापलं. हा माणूस १५५३ मध्ये गोव्याला आला होता, पूर्वेकडे पुष्कळ वर्षं काढली. काव्याचा नायक वास्को द गामा, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मालिंदीला पोचलाय, तिथला राजा म्हणतो तुमच्या देशाची कथा सांगा, आणि गामा जे सांगतो त्यात तिसऱ्या सर्गात इनेस येते, पोरांना जवळ घेऊन सासऱ्यापुढे उभी, म्हणते मला मारायचं तर वाघसिंहांच्या रानात सोड, तिथे तरी दया मिळेल. कवी खुनाचा दोष सरळ प्रेमालाच देतो. पुढच्या सर्गात जहाजं लिस्बनहून निघताना किनाऱ्यावरच्या आया-बायका आक्रोश करतात आणि एक म्हातारा पुढे होऊन या सगळ्या कीर्तीच्या हव्यासाला शिव्याशाप देतो. मला वाटतं तुझ्या प्रश्नाला याहून जवळचं पुस्तक जगात नाही. इंग्रजी भाषांतरं सहज मिळतात, तिसरा आणि चौथा सर्ग आधी वाच.

प्रश्न : इझाबेला राणीने दागिने गहाण टाकून कोलंबसला पाठवलं हे खरं का? तिचं आणि फर्डिनंडचं लव्ह मॅरेज होतं असंही वाचलं. – एक वाचक, बोरिवली

उत्तर : दागिने काही गहाण पडले नाहीत. पैशाची जुळवाजुळव केली लुइस द सांतान्हेल या फर्डिनंडच्या खजिन्यातल्या अधिकाऱ्याने. लव्ह मॅरेज म्हणता येणार नाही, कारण दोघांनी एकमेकांना बघितलं तेच लग्नाच्या चार दिवस आधी, पण तिने नवरा स्वतः निवडला हे खरं. सावत्र भाऊ, कास्तीलचा राजा एन्रिके, तिला पोर्तुगालच्या वयस्क राजाला, पाचव्या अफोन्सोला द्यायला निघाला होता. ती अठरा वर्षांची, तिने शेजारच्या आरागॉन राज्याच्या सतरा वर्षांच्या फर्डिनंडला निरोप धाडला, तो खेचरवाल्यांच्या टोळीत नोकर बनून आला आणि ऑक्टोबर १४६९ मध्ये वायादोलिदला लग्न लागलं. नात्यातले असल्यामुळे पोपची परवानगी हवी होती, ती खोटी बनवली होती.

नाकारलेल्या अफोन्सोने पुढे एन्रिकेच्या मुलीशी लग्न ठरवून कास्तीलच्या गादीवर दावा लावला, १४७५ ते १४७९ लढाई, आणि शेवटी आल्कासोवासचा तह. तहात कॅनरी बेटं कास्तीलला, आफ्रिकेचा खालचा सगळा किनारा पोर्तुगालला. म्हणजे कास्तीलला दक्षिणेचा रस्ता बंदच झाला, राहिली ती पश्चिम. १४९२ मध्ये कोलंबसला होकार मिळाला त्यामागे हे आहे, आणि या गोष्टीकडे फारसं कुणी लक्ष देत नाही म्हणून मी इतकं सविस्तर सांगतेय.

त्यांच्या मुलींची लग्नं तर आणखी वाईट. थोरली इझाबेल, पहिला नवरा घोड्यावरून पडून गेला, तिला परत त्याच घरात, पोर्तुगालचा राजा मनुएलला दिली, आणि लग्नाची अट होती की आधी ज्यूंना देशाबाहेर काढा. १४९७ मध्ये लग्न झालं, त्याच वर्षी हजारो ज्यूंना जबरदस्तीने ख्रिश्चन केलं आणि त्याच वर्षी जुलैमध्ये वास्को द गामा निघाला. १४९८ मध्ये गामा कालिकतला पोचला आणि इझाबेल बाळंतपणात गेली. मनुएलने मग तिच्याच बहिणीशी लग्न केलं.

दुसरी हुआना. तिचं हॅब्सबर्ग घराण्यातल्या फिलिपशी लग्न फ्रान्सविरुद्धच्या युतीसाठी केलेलं, आणि ती नवऱ्यावर जीव ओवाळून टाकायला लागली, तो मात्र बाहेरख्याली. १५०६ मध्ये तो गेला तेव्हा ती गरोदर होती, त्याची शवपेटी घेऊन कास्तीलभर रात्रीचा प्रवास करत राहिली, पेटी उघडून बघायची. वेडी ठरवलं. १५०९ मध्ये बापाने तोर्देसियासला कोंडलं, नंतर मुलाने, पाचव्या चार्ल्सने, तिथेच ठेवलं, १५५५ मध्ये मरेपर्यंत. तोर्देसियास म्हणजे तेच गाव जिथे १४९४ मध्ये तिच्या आईबापांनी पोर्तुगालशी तह करून अख्ख्या समुद्रावर वाटणीची रेघ ओढली होती. ती किती वेडी होती यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण ती कोंडलेली राहण्यात बाप आणि मुलगा दोघांचाही फायदा होता हे उघड आहे, कारण कायद्याने कास्तीलची राणी तीच होती. मॅगेलन १५१९ मध्ये पाच जहाजं घेऊन निघाला आणि १५२२ मध्ये त्यातलं एक जहाज १८ माणसं घेऊन पृथ्वीला फेरी मारून परतलं, तेव्हाही राणी म्हणून हुआनाचंच नाव होतं आणि ती बंद दाराआड होती.

प्रश्न : यातलं काही आपल्या मुंबईत बघता येतं का? – एक आजोबा, गिरगाव

उत्तर : आजोबा, येतं की. वर मनुएलच्या लग्नाच्या अटीचं सांगितलं ना, तेव्हा ज्यांना जबरदस्तीने बाटवलं त्यातल्या एका घरातला मुलगा गार्सिया द ओर्ता. वैद्य झाला, १५३४ मध्ये गोव्याला आला, इथल्या औषधी वनस्पतींवर त्याने लिहिलेलं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं. मुंबई बेट त्याला भाड्याने मिळालं होतं आणि त्याने इथे घर बांधलं. तो गेल्यावर बहिणीला इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, जाळलं, १५८० मध्ये त्याचीही हाडं उकरून जाळली. पण घर राहिलं आणि १६६५ मध्ये हम्फ्री कुकने माती उचलली ती याच घरात, तेव्हा ते दोना इग्नेस द मिरांडा या बाईंच्या ताब्यात होतं. पुढे तिथेच बॉम्बे कॅसल झाला. ती जागा टाऊन हॉलच्या मागे नौदलाच्या आवारात आहे, त्यामुळे असंच उठून आत जाता येत नाही.

टाऊन हॉलच्या पायऱ्या चढायला जमत असेल तर एशियाटिक सोसायटीत जरूर जा. दांतेच्या डिव्हाइन कॉमेडीची जुनी हस्तलिखित प्रत त्यांच्या संग्रहात आहे, एल्फिन्स्टनने दिलेली. ती मौल्यवान म्हणून बाहेर मांडलेली नसते, पण त्यातल्या दोन सर्गांची नावं लिहून ठेवा, नातवंडांना भाषांतरातून वाचून दाखवायला सांगा. नरकाच्या पाचव्या सर्गात फ्रान्चेस्का आहे, दोन घराण्यांच्या राजकारणासाठी लग्न करून दिलेली, दिराबरोबर एक प्रेमकथा वाचता वाचता त्याच्या प्रेमात पडलेली आणि नवऱ्याच्या हातून मेलेली. आणि सव्विसाव्यात युलिसीस, जो म्हणतो की मुलाची माया, म्हाताऱ्या बापाची काळजी आणि बायकोवरचं प्रेम यातलं काहीही मला जग बघायला जाण्यापासून अडवू शकलं नाही, आणि मग सगळे खलाशी घेऊन बुडतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय असं लिहिलंत म्हणून सांगते, मोठ्या टायपातली आवृत्ती मागा.